रस्त्यांच्या ऑनलाइन छायाचित्रांतून झाडांची पाहणी: ठाणे-नवी मुंबईत हे कितपत विश्वासार्ह ठरेल?

धागा सुरू करणारे: येऊरची वाट

नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रस्त्याकडेच्या झाडांवर बांडगूळ कोठे आणि किती पसरले आहे, याची पाहणी आमच्या निसर्गमंडळाला करायची आहे. घोडबंदर रस्ता, पोखरण रस्ते, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्ता आणि पाम बीच मार्ग एवढाच पट्टा धरला, तरी प्रत्येक झाडाखाली उभे राहून ते तपासणे नोकरी-शाळा सांभाळणाऱ्या माणसांना एका हंगामात जमण्यासारखे नाही. म्हणून गूगल स्ट्रीट व्ह्यू, मॅपिलरी अशा ठिकाणी घरबसल्या पाहता येणारी रस्त्यांची छायाचित्रे पहिल्या फेरीसाठी वापरावीत, असा प्रस्ताव मी येथे चर्चेसाठी मांडतो आहे.

बांडगूळच निवडण्यामागे कारण आहे. ते उंच, उघड्या फांद्यांवर झुबक्याने वाढते, त्याची पाने जाड आणि चिवट असतात, आणि यजमान झाडाची पानगळ झाली तरी ते हिरवेच राहते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या पडलेल्या झाडावर त्याचा झुबका रस्त्यावरूनही ओळखू येतो. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो. पक्षी एका झाडावरून जवळच्या दुसऱ्या झाडावर जातो, म्हणून लागण विखुरलेली न राहता गटागटाने दिसायला हवी, असे मला वाटते. ते तपासायचे तर सुटी झाडे पाहून भागणार नाही, सलग रस्ते पाहावे लागतील, आणि सलग रस्ते पाहणे हेच या छायाचित्रांचे बलस्थान आहे.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये पाइनच्या झाडांवर रेशमी घरटी बांधणाऱ्या एका पतंगाच्या अळीचा प्रसार याच पद्धतीने तपासला गेला आणि तो अभ्यास २०१३ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही पांढरी घरटी फांद्यांच्या टोकाला असतात आणि दुरून दिसतात. मोठ्या प्रदेशावर १६ किलोमीटर बाजूच्या चौकोनांची जाळी टाकून पाहिले, तेव्हा छायाचित्रांतून मिळालेले उत्तर आणि प्रत्यक्ष फिरून मिळालेले उत्तर यांचा मेळ उत्तम बसला. लहान क्षेत्रात बारीक चौकोन घेतले तेव्हा मात्र तो बराच ढासळला. त्याच वर्षी उत्तर स्पेनमध्ये कड्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांच्या अधिवासाचा अभ्यासही रस्त्यांच्या छायाचित्रांवरून झाला. तेथे पक्षी मोजलेले नाहीत, घरट्यांना योग्य असे कडे शोधले आहेत, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. अमेरिकेत स्ट्रीट व्ह्यू २००७ साली सुरू झाले. भारतात २०११ साली बंगळुरूमध्ये छायाचित्रण सुरू झाले आणि लगेच थांबले; २०१६ मध्ये परवानगी नाकारली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-माहितीविषयीचे नवे नियम आणले, त्यांत रस्त्यांवरून असे चित्रण करण्याची मुभा फक्त भारतीय संस्थांना दिली, आणि जुलै २०२२ मध्ये दोन भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने दहा शहरांत ही सोय खुली झाली. आपल्या राज्यातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही त्यांपैकी चार. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासकाला एकाच झाडाची दहा-पंधरा वर्षांतली रूपे पाहता येतात, तशी आपल्याला येणार नाहीत.

माझे प्रश्न असे. छायाचित्रावरून यजमान झाडाची जात किती खात्रीने सांगता येईल? न दिसलेले बांडगूळ ‘नाही’ असे धरावे का? आणि या छायाचित्रांतून माहिती काढून ती प्रसिद्ध करायला आपल्याला मुभा आहे का? ज्यांनी वृक्षगणनेत किंवा खारफुटीत काम केले आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

सोनमोहर

मी महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहिते.

अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या उपनगरांत रस्त्याकडेच्या झाडांची अशी संगणकावरून केलेली पाहणी आणि प्रत्यक्ष पाहणी ताडून बघितलेली आहे. तो अभ्यास २०१७ चा. झाडाचा वंश ओळखण्यात दोन्हींचा मेळ चांगला बसला, जातीपर्यंत उतरल्यावर तो कमी झाला आणि खोडाच्या जाडीचा अंदाज तर बऱ्याच ठिकाणी चुकला. आपल्याकडे वेगळे काही होईल असे मानायला कारण नाही. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, फीत लावून घेतलेला घेर हीच खरी मोजणी. चित्रातल्या बुंध्यावरून काढलेला आकडा तक्त्यात घेऊ नये, असे माझे मत आहे.

जात ओळखण्याबाबत आपल्या रस्त्यांवरचे नेहमीचे उदाहरण घ्या. गुलमोहर आणि सोनमोहर दोन्हींची पाने पिसासारखी, दुहेरी संयुक्त. फुलांचा हंगाम नसेल तर गाडीवरच्या कॅमेऱ्यातून टिपलेल्या चित्रात दोघांचा पर्णसंभार सारखाच हिरवा धूसर दिसतो. अशा वेळी शेंगा पाहाव्यात. गुलमोहराच्या शेंगा हातभर लांब, तलवारीसारख्या, लाकडासारख्या कठीण असतात आणि झाड निष्पर्ण झाले तरी काळपट होऊन लोंबत राहतात. सोनमोहराच्या शेंगा बोटभर, चपट्या, तांबूस आणि गुच्छाने असतात. दुरून झाडाला गंज चढल्यासारखा रंग येतो. देशी शिरिषाच्या शेंगा गवताच्या रंगाच्या, कागदी असतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस सगळे झाड त्यांनी फिकट पिवळे दिसते. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा काळ्या आणि गरयुक्त असतात, झाडावर त्या चटकन दिसत नाहीत. पण त्याचा छत्रीसारखा पसरट घेर आणि बुंध्याजवळूनच फुटलेल्या जाड आडव्या फांद्या पुरेशा बोलक्या आहेत. छाटणी झालेल्या झाडाला मात्र हे शेवटचे लक्षण लागू पडत नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी छाटणी होत नाही असा मोठा रस्ता दाखवणे अवघड आहे.

म्हणून चित्राचा महिना प्रत्येक नोंदीपुढे लिहिलाच पाहिजे. ही सेवा महिना आणि वर्ष दाखवते, दिवस दाखवत नाही. एकाच रस्त्याचे दोन लागोपाठचे तुकडे वेगवेगळ्या महिन्यांत टिपलेले असू शकतात; एका तुकड्यात झाडे निष्पर्ण म्हणून बांडगूळ भरपूर दिसेल, पुढच्यात पालवी दाट म्हणून काहीच दिसणार नाही, आणि नकाशावर मात्र लागण तेथे संपल्यासारखी वाटेल.

गणिती

सोनमोहर यांच्या शेवटच्या वाक्यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तक्त्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने ठेवले तर अभ्यास पहिल्याच दिवशी बिघडेल. तीन रकाने ठेवा: दिसले, झाड नीट पाहता आले आणि दिसले नाही, झाड पाहताच आले नाही. बस आडवी आली, मेट्रोचा खांब मध्ये आला, सूर्य समोर होता म्हणून शेंडा पांढरा पडला, पालवी दाट होती: हे सगळे तिसऱ्या रकान्यात जाईल. या रकान्यातली झाडे टक्केवारीच्या हिशेबातून बाहेर काढायची, आणि किती काढली ते अहवालात स्पष्ट सांगायचे. मी वाचलेल्या हौशी पाहण्यांत दुसरा आणि तिसरा रकाना हमखास एकत्र झालेले असतात, आणि मग ‘या भागात ही जात आढळत नाही’ असे विधान कोणीतरी त्यावर बेतते.

दुसरी सूचना दोन स्वतंत्र निरीक्षकांची. दोघांनी एकमेकांची नोंद न पाहता तोच रस्ता पाहावा. समजा पहिल्याला ४० लागण झालेली झाडे दिसली, दुसऱ्याला ३६, आणि त्यांतली ३२ सामायिक आहेत. मग ४० गुणिले ३६ भागिले ३२, म्हणजे ४५ हा एकूण संख्येचा अंदाज येतो. दोघांनी मिळून पाहिलेली झाडे ४४ आहेत, म्हणजे दोघांच्याही नजरेतून सुटलेले एखादे झाड असावे. वन्यप्राणी मोजताना खुणा करून पुन्हा पकडण्याची जी पद्धत आहे, तिचेच हे रूप.

परंतु येथे एक मेख आहे. ही पद्धत निरीक्षकाची नजर किती चुकते ते सांगते, कॅमेऱ्याला काय दिसलेच नाही ते सांगत नाही. ट्रकमागे लपलेले झाड दोघांनाही दिसणार नाही, कारण दोघे एकच चित्र पाहत आहेत. त्यामुळे ४५ हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असण्याची शक्यता अधिक. ही उणीव भरून काढायला प्रत्यक्ष जाण्यावाचून मार्ग नाही. सगळीकडे जावे लागत नाही. रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे करा, त्यांतले काही चिठ्ठ्या टाकून निवडा, तेथे पायी जाऊन प्रत्येक झाड दुर्बिणीने पाहा आणि चित्रातल्या नोंदीशी ताडा. चिठ्ठ्या टाकण्यावर माझा भर आहे. सोयीचे तुकडे निवडले, म्हणजे घराजवळचे, सावलीचे, पदपथ असलेले, तर चूक किती हे कळणार नाही. आपल्याला सोयीच्या ठिकाणी चूक किती, एवढेच कळेल.

फ्रान्सच्या अभ्यासात मोठ्या चौकोनात मेळ का बसला याचेही हेच स्पष्टीकरण आहे. १६ किलोमीटरच्या चौकोनात रस्ते पुष्कळ, झाडे पुष्कळ. एका ठिकाणी सुटले तर दुसऱ्या ठिकाणी सापडते. तुमचा प्रश्न ‘या झाडावर आहे का’ असा असेल तर चित्रावर भिस्त ठेवू नका. ‘या प्रभागात आहे का’ असा असेल तर ठेवायला हरकत नाही.

तिवर

मी ऐरोली-घणसोलीच्या खाडीकिनाऱ्यावर खारफुटीच्या नोंदी करतो. मूळ धागा रस्त्याकडेच्या झाडांचा आहे हे मान्य, पण येथे खारफुटीचा उल्लेख झाला म्हणून रस्त्यावरून पाहण्याची मर्यादा एका उदाहरणाने सांगतो.

पाम बीच मार्गावरून किंवा ऐरोली पुलाच्या उतारावरून खारफुटी भरपूर दिसते आणि चित्रेही स्वच्छ असतात. पण दिसते ती फक्त कड. रस्त्यासाठी भराव घातला की कडेची जमीन थोडी उंच होते, भरतीचे पाणी तेथे रोज पोहोचत नाही, गोड्या पाण्याचे नाले तेथेच येऊन मिळतात. त्या कडेला मरांडी हे काटेरी पानांचे झुडूप माजते, मध्येच सुबाभूळ आणि घाणेरी घुसते, आणि तिवर हे खारफुटीचे झाड असले तरी खुरटे असते. त्याच पट्ट्यात आत, खाडीच्या तोंडाशी, तिवरांची उंच दाटी आणि चिप्पी हे खारफुटीचे दुसरे झाड असते. केवळ रस्त्यावरून पाहून कोणी ‘ठाणे खाडीत मरांडीचे प्रमाण वाढले’ असे लिहिले, तर ते खाडीबद्दलचे विधान नसून भरावाबद्दलचे विधान असेल. जो रस्ता आपल्याला पाहायची सोय देतो, त्यानेच पाहायची गोष्ट बदललेली असते. ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ चे आणि रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा २०२२ चा. अशा ठिकाणाविषयीचे अर्धवट निष्कर्ष पुढे प्रकल्पांच्या कागदपत्रांत कोणत्याही बाजूने वापरले जातात, म्हणून मला याची काळजी वाटते.

मात्र एका गोष्टीसाठी मला अशी चित्रे हवीच आहेत. पावसाळा सरताना, साधारण सप्टेंबरच्या सुमारास, आपल्याकडच्या तिवरांवर हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या तुटून पडतात. सागाची पाने खाणारी म्हणून वनखात्याला चांगली ठाऊक असलेली हीच ती अळी. पट्टेच्या पट्टे तपकिरी होतात, लोकांना कोणीतरी विष टाकले असे वाटते, आणि काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. उपग्रहाची १० मीटर तपशिलाची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात खरी, पण त्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते. ढगाखालून काढलेले, तारीख असलेले, जागेची नोंद असलेले चित्र येथे उपयोगी पडेल. ते स्ट्रीट व्ह्यूवर मिळण्याचा संभव कमी, कारण त्यांची गाडी नेमकी त्या पंधरवड्यात येईल कशाला? आपणच काढायला हवे.

नेरूळवासी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कोणीच बोललेले नाही, आणि माझ्या मते तो सर्वांत आधी सुटायला हवा.

गूगलच्या वापराच्या अटी वाचून पाहा. चित्रे उतरवून स्वतःकडे साठवणे, अनेक चित्रे जोडून नवे चित्र करणे, चित्रांवरून माहिती रेखून नवा डेटा बनवणे, आणि प्रणाली लावून चित्रांचे विश्लेषण करून माहिती काढणे, या सगळ्याला तेथे मनाई आहे. जगभर असे शेकडो शोधनिबंध निघाले आहेत हे खरे, पण कोणी अडवले नाही म्हणजे परवानगी आहे असे होत नाही. मोठ्या विद्यापीठाकडे कायद्याचा सल्ला असतो. चार-पाच जणांच्या मंडळाने कोणत्या आधारावर हा धोका पत्करावा? डोळ्यांनी पाहून कोठे जायचे ते ठरवणे वेगळे, आणि त्या चित्रांतून हजारो झाडांचा नकाशा तयार करून प्रसिद्ध करणे वेगळे. पहिले मी निर्धास्तपणे करीन, दुसरे करणार नाही.

त्याऐवजी मॅपिलरीचा विचार करा. स्वीडनमध्ये २०१३ साली सुरू झालेली ही सेवा २०२० पासून फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) मालकीची आहे, तरी तेथली चित्रे मुक्त परवान्याखाली आहेत: श्रेय द्यायचे आणि त्यांवरून जे चित्रण कराल तेही त्याच अटीवर खुले ठेवायचे. चेहरे आणि वाहनांचे क्रमांक आपोआप धूसर केले जातात. चित्रे कोणीही चढवू शकतो. दुचाकीच्या हँडलवर किंवा गाडीच्या काचेमागे फोन बसवला की पुरते. आपल्या भागात तेथे मोठ्या रस्त्यांवरची तुटक चित्रे आहेत आणि आतल्या गल्ल्या रिकाम्या आहेत, पण त्याचा अर्थ असा की महिना आपण निवडू शकतो. सोनमोहर यांना हवी असलेली फेब्रुवारी-मार्चमधली निष्पर्ण झाडे आणि तिवर यांना हवा असलेला सप्टेंबर, दोन्ही आपल्या हातात येतात. वर्षातून दोनदा तोच रस्ता, त्याच दिशेने, सकाळी सूर्य पाठीशी ठेवून टिपला, तर पाच वर्षांनी आपल्याकडे असे काही असेल जे कोणत्याही कंपनीने आपल्याला दिलेले नाही आणि जे कोणी काढूनही घेऊ शकत नाही. प्रत्येक चित्राची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा, एवढे मात्र पाळा.

फोन बसवताना तो थोडा वर झुकलेला हवा. सरळ ठेवला तर चित्रात अर्धा रस्ता येतो आणि शेंडा कापला जातो, आणि बांडगूळ तर शेंड्याकडेच आहे. लष्करी हद्दी, बंदर, रिफायनरी अशा ठिकाणी चित्रण करू नये हे सांगायला नको. उरणकडे जाणाऱ्यांनी विशेष लक्ष ठेवावे.

पाचपाखाडी

धागा वाचला. सर्वांचे म्हणणे पटते, तरी एका जुन्या सवयीच्या माणसाची हरकत नोंदवतो.

झाडाची प्रकृती बुंध्याशी कळते. पदपथाचे काँक्रीट खोडाला भिडवलेले असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले, तरी आपल्याकडे कामे कशी होतात ते आपण पाहतो. खोडात ठोकलेले खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा सालीत रुतलेल्या, मुळाशी ओतलेले गरम तेल आणि राडारोडा, सालीतून झरणारा डिंक, बोटाने दाबल्यावर आत जाणारे कुजलेले लाकूड. मुंबई परिसरातल्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला तेव्हा पहिली खूण पानांच्या देठाशी आणि खाली पडलेल्या चिकट डहाळ्यांवर होती. दोन-अडीच मीटर उंचीवरून, चालत्या गाडीतून टिपलेल्या चित्रात यातले काय येणार? तरुण मुले पडद्यावर झाडे पाहतील, त्यांना बांडगूळ मोजता येईल, पण ते झाड बांडगुळाने वाळते आहे की मुळे गुदमरल्यामुळे अशक्त झाले म्हणून बांडगुळाला बळी पडले, हे कळणार नाही. आणि अभ्यासाचा खरा प्रश्न तोच आहे.

येऊरची वाट

पाचपाखाडी, तुमची हरकत मी मनापासून मान्य करतो, आणि ती अभ्यासाच्या आराखड्यात घालतो. गणिती यांनी सुचवलेले चिठ्ठ्यांनी निवडलेले तुकडे आपण पायी तपासणार आहोत. तेथे केवळ ‘बांडगूळ आहे-नाही’ न पाहता बुंध्याभोवती मोकळी जागा किती, खोडाला इजा आहे का, घेर किती, हेही नोंदवू. म्हणजे चित्रांतून कोठे ते कळेल आणि पायी फिरून का ते कळेल.

पण चित्रांची एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही, आणि मला ती ठाण्यासाठी सर्वांत मोलाची वाटते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी झाडे संरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणाला दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगितले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले. पण दोन गणनांच्या मधल्या काळात घोडबंदर रस्त्यावर काय बदलले ते पाहा: मेट्रोचे खांब उभे राहिले, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात घेण्याचे काम निघाले, काही झाडे तोडली, काही दुसरीकडे लावली. एखादे झाड त्या जागी होते, एवढे उंच होते, त्याचा घेर रस्त्यावर असा पसरला होता, हे महिना-वर्षासह दाखवणारा नागरिकांच्या हातातला पुरावा म्हणजे असे चित्रच. वय चित्रातून कळणार नाही, अस्तित्व कळेल. पायी फिरणारा माणूस आज उभे असलेलेच झाड पाहू शकतो. काल उभे असलेले पाहू शकत नाही.

त्यासाठी झाडाची जागा नेमकी लिहिणे आवश्यक आहे, आणि येथे एक घोळ नेहमी होतो. चित्रासोबत मिळणारे अक्षांश-रेखांश कॅमेऱ्याचे असतात, झाडाचे नसतात. तेच उतरवले तर सगळी झाडे रस्त्याच्या मधोमध उगवलेली दिसतात. सोपा उपाय असा: ज्या बिंदूवरून झाड रस्त्याच्या दिशेशी ४५ अंशांत पुढे दिसते तो बिंदू नोंदवा, मग पुढे सरकत जा आणि झाड बरोबर काटकोनात आले की तो बिंदू नोंदवा. दोन बिंदूंमधले अंतर जितके, तितकेच झाड दुसऱ्या बिंदूपासून आडवे दूर. बिंदू ८ मीटर अंतरावर असतील तर झाड ८ मीटर आडवे. नौपाड्यासारख्या उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत उपग्रहावरून मिळणारी जागाच काही मीटर सरकते, तेथे दुकान, दिव्याचा खांब किंवा इमारतीचे फाटक अशी खूणही लिहावी.

सोनमोहर

दोन छोट्या गोष्टी.

यंत्राकडून झाडे ओळखून घेण्याचा मोह कोणाला होईल म्हणून सांगते. गूगलनेच २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २३ शहरांतल्या पंचवीस लाखांहून अधिक झाडांचा संग्रह अशा ओळखीसाठी प्रसिद्ध केला. त्यावर शिकलेली प्रणाली मेपल आणि ओक ओळखेल. आपला कदंब, ताम्हण, सप्तपर्णी तिने कोठे पाहिली? आपल्याला आधी आपल्या झाडांचा, नावे तपासलेला चित्रसंग्रह लागेल. या कामातून तो आपोआप तयार होईल, आणि विद्यार्थ्यांनी ओळखलेल्या प्रत्येक झाडाचे एक चित्र मी तपासून देईन.

दुसरे, चित्रांत घरटी दिसतील. सुगरणीची खोपे शिंदीवर लटकलेली कोणालाही दिसतात, त्यांना धोका कमी. पण घुबडाची ढोली, घारीचे घरटे किंवा वंचक-बगळ्यांची वसाहत दिसली तर नेमकी जागा खुल्या नकाशावर टाकू नये. प्रभागाचे नाव पुरे.

गणिती

सोनमोहर यांच्या तपासणीलाही आधी आंधळी ठेवा, म्हणजे विद्यार्थ्याने कोणते नाव लिहिले ते त्यांना दिसू नये. दिसले की मन त्याच नावाकडे झुकते.

येऊरची वाट

मान्य. तर आता ठरलेले असे लिहून ठेवतो, हरकत असेल त्यांनी सांगावे. गूगलची चित्रे केवळ रस्ता निवडण्यासाठी आणि पूर्वतयारीसाठी पाहायची, त्यांतून एकही नोंद तक्त्यात घ्यायची नाही. तक्ता आपण स्वतः टिपलेल्या आणि मॅपिलरीवर चढवलेल्या चित्रांवरून भरायचा. पहिली फेरी फेब्रुवारीअखेर, पानगळीत, पोखरण रस्ता क्रमांक दोन आणि घोडबंदर रस्त्याचा कापूरबावडी ते मानपाडा हा भाग; नवी मुंबईत वाशी ते नेरूळ पाम बीच मार्गाची फक्त शहराकडची बाजू, कारण खाडीकडच्या बाजूबद्दल तिवर यांनी सांगितलेली मर्यादा लागू होते. सप्टेंबरची खारफुटीची फेरी हा वेगळा अभ्यास, वेगळा तक्ता, आणि त्याची सूत्रे तिवर यांच्याकडे.

तिवर

सूत्रे घेतो. ऐरोली पुलावर थांबून चित्रे काढता येत नाहीत आणि दुचाकीवर वाऱ्याने फोन थरथरतो, त्यामुळे तो टप्पा मी बसच्या डावीकडच्या खिडकीतून टिपीन. जाताना ठाण्याकडून, येताना ऐरोलीकडून, म्हणजे पुलाच्या दोन्ही अंगांची खारफुटी येईल. भरतीची वेळ प्रत्येक चित्रासोबत लिहिणार आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की तपकिरी पाने आणि चिखल यांत लहान चित्रात फरक करणे कठीण जाते.

नेरूळवासी

माझ्याकडे काचेला चिकटवायची फोनची एक जास्तीची पकड आहे, वर झुकणारी. पाम बीचची फेरी मी करतो, रविवारी सकाळी सातच्या आत. त्यानंतर कडेला गाड्या उभ्या राहू लागतात आणि गणिती यांचा तिसरा रकाना भरत जातो.

पाचपाखाडी

पायी तपासायच्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या की मला यादी पाठवा. घेर मोजायची फीत माझ्याजवळ आहे. एक माणूस लिहायला सोबत द्या.